कोकणातल्या पावसात गाडीच्या जागेची फरसबंदी

देवरुखजवळच्या आमच्या घरापुढे, रस्ता आणि खळे यांच्या मधोमध, १८ फूट रुंद आणि २२ फूट लांब अशी मोकळी जागा आहे. गाडी घेतल्यापासून ती तिथेच उभी राहते. उन्हाळ्यात त्या तांबड्या मातीचा त्रास धुळीपुरताच असतो. मृगाचा पाऊस स्थिरावला की मात्र चाकांच्या दोन चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचते, स्कूटरचा साइड स्टँड मातीत रुतून गाडी कलंडते आणि काठी टेकत देवळात जाणाऱ्या आईला त्या राडीतून वाट काढावी लागते. ही जागा कायमची बांधून घ्यायचे ठरले, तेव्हा तिच्यावर काय घालावे याचा शोध आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केला आणि प्रत्यक्ष काम दिवाळी झाल्यावर केले. मधला सगळा काळ पाहण्यात, विचारण्यात आणि तपासण्यात गेला. आपल्याकडच्या पावसात असे काम करू पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून तो जरा सविस्तर लिहीत आहे.

पहिली चौकशी पाण्याची केली. आमच्या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आषाढात एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. जागेचे क्षेत्रफळ सुमारे ३७ चौरस मीटर भरते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर पाणी, या हिशेबाने अशा एका दिवसात एवढ्याशा जागेवर ३७०० लिटर पाणी पडते, आणि कौलांवरून येणारे पागोळ्यांचे पाणी त्यात वेगळे मिळवावे लागते. आजवर त्यातले काही मातीत मुरत होते आणि उरलेले फणसाच्या अंगाने खाली उतरत होते. वर अभेद्य थर बसला की जवळजवळ सगळेच वाहू लागणार, आणि खालच्या अंगाला आमची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. म्हणून भर पावसात छत्री धरून पाण्याचे ओघ कुठून येतात, कुठे रेंगाळतात आणि कुठून बाहेर पडतात ते पाहिले आणि त्या ठिकाणी खुंट्या ठोकून ठेवल्या. पुढे मिस्त्रींनी ढाळ ठरवताना त्याच खुंट्यांचा आधार घेतला. फरसबंदीची जागा पावसात पाहून ठेवावी, असे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. कोरड्या दिवसांत जमीन आपला कल दाखवत नाही.

याच पावसाळ्यात फणसाच्या झाडाखाली, जिथे ऊन फारसे येत नाही अशा जागी, निरनिराळे नमुने मांडून ठेवले. यंत्रावर दाबून केलेला साधा करडा पेव्हर ब्लॉक, प्लॅस्टिकच्या साच्यात ओतून केलेला चकचकीत रंगीत ब्लॉक, पार्किंग टाइल, खरबरीत केलेला कोटा, शहाबादी फरशीचा तुकडा, जांभ्याचा चिरा आणि मिस्त्रींनी घमेल्यात ओतून वरून झाडू ओढलेला काँक्रीटचा ठोकळा, असा तो संग्रह होता. दुकानात कोरड्या फळीवर ठेवलेला नमुना हाताला जसा लागतो, तसा तो श्रावणात पायाला लागत नाही, हे त्या मांडणीने फार स्पष्ट दाखवले. शेवाळ सगळ्यांवरच आले, त्यातून कोणीही सुटले नाही. पण ओल्या चपलेने प्रत्येकावर पाय ठेवून पाहिला, तेव्हा फरक कळला. चकचकीत ब्लॉकवर शेवाळ सर्वांत कमी दिसत होते आणि पाय मात्र त्याच्यावरूनच आधी सरकला. पार्किंग टाइलच्या नक्षीच्या खाचांत बारीक गाळ भरून ती सपाट झाली होती. झाडू ओढलेले काँक्रीट आणि साधा करडा ब्लॉक हिरवे पडूनही पायाला धरून होते, कारण त्यांच्या पृष्ठभागावरची बारीक खडी आणि कच (दगडाचा भरड चुरा) शेवाळातून वर राहिली होती. आईनेही आपली काठी प्रत्येकावर टेकवून पाहिली आणि तिचा कौल याच दोघांच्या बाजूने पडला.

काही पर्याय लवकर बाजूला झाले. डांबर एवढ्या छोट्या जागेसाठी गरम आणून दाबून घेणे परवडणारे नव्हते. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात ते मऊ पडते, स्कूटरच्या स्टँडचे खळगे पडतात आणि गाडीतून ठिबकणारे तेल किंवा पेट्रोल त्याला विरघळवते. नुसती खडी पसरण्याचा पर्याय सर्वांत स्वस्त आणि पाणी मुरवण्याच्या दृष्टीने उत्तम, परंतु तिच्यावर काठी ठरत नाही. भोकांचे ग्रास पेव्हर दिसायला फार सुरेख असतात. मात्र गाडी दिवसभर एकाच जागी उभी राहणार असेल तर तिच्या सावलीत गवत तगत नाही, आणि काठीचे टोक त्या भोकांत अडकण्याचा धोका मला पत्करायचा नव्हता. कोटा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड. घरात आणि पडवीत ते वर्षानुवर्षे उत्तम टिकतात, पण खाली पोकळी राहिली तर चाकाखाली फरशी तडकते, आणि शहाबादीचे पापुद्रेही सुटतात.

पार्किंग टाइलचा आग्रह नातेवाइकांकडून फार झाला, कारण आता गावोगावी ती दिसते. तिच्याविषयी माझा आक्षेप असा की ती स्वतः भार पेलत नाही. साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीची ही टाइल खालच्या काँक्रीटच्या जिवावर उभी असते, म्हणजे आधी काँक्रीट करायचे आणि मग त्याच्यावर टाइलचा व ती बसवण्याचा खर्च पुन्हा करायचा. बसवताना मसाला सगळीकडे सारखा पसरला नाही तर टाइलखाली पोकळ जागा राहते. नाण्याने ठोकून पाहिले की तिथे बद्द आवाज येतो, आणि चाक बदलण्यासाठी जॅक नेमका तिथे लागला की टाइल फुटते. मिळालेल्या दरपत्रकांतही हाच पर्याय सर्वांत महाग होता. ज्यांच्याकडे वर छप्पर आहे आणि खाली आधीच चांगला कोबा आहे, त्यांनी तिचा विचार अवश्य करावा. उघड्यावर, फणसाच्या सावलीत आणि कोकणच्या पावसात मी तो करणार नव्हतो.

जांभ्याच्या बाबतीत मात्र निर्णय सोपा गेला नाही. घर जांभ्याचे, गडगा जांभ्याचा, देवळाकडे उतरणारी पाखाडी जांभ्याची. तेव्हा गाडीची जागाही चिऱ्यांनीच फरसावी अशी घरात सगळ्यांचीच इच्छा होती आणि माझीही होती. हा दगड खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो. त्यातले लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड टिकतात, पण त्याची भोके आणि त्यांतली मऊ माती तशीच राहते. भिंतीत त्याचे काही बिघडत नाही. जमिनीवर, सतत पाण्यात आणि चाकाखाली काय होते ते पाहायला मी गावातल्या पाखाडीवर आणि एका नातेवाइकांच्या फरसलेल्या अंगणात गेलो. पाखाडीवर शेकडो पावलांनी चिऱ्यांचे मधले भाग खोलगट झालेले आहेत आणि त्या खोलगट भागांत पाणी थांबून शेवाळ काळे पडले आहे. श्रावणात तिथून उतरताना गावातली माणसे सवयीने कडेकडेने चालतात. नातेवाइकांच्या अंगणात गाडी रोज जिथे वळते तिथले मऊ चिरे झिजून शेजारच्या कठीण चिऱ्यांपेक्षा खाली गेले होते. एकाच खाणीतल्या चिऱ्यांत कठीणपणाचा एवढा फरक असतो की प्रत्येक चिरा पारखून घेतल्याशिवाय सारखी झीज मिळणार नाही. ओले चिरे दरवर्षी ब्लीचिंग पावडर टाकून घासावे लागतात असेही त्यांनी सांगितले, आणि ते पाणी आमच्या विहिरीच्या बाजूला जाऊ देण्याची माझी तयारी नव्हती. जांभा आम्ही कडेला वापरला, त्याविषयी पुढे लिहितो. चाकाखाली तो घातला नाही याचे मला आजही थोडे वाईट वाटते.

अखेर सलग काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक हे दोनच पर्याय उरले, आणि त्यांच्यातला निर्णय जमिनीनेच करून दिला. मिस्त्रींनी पहारीने चार ठिकाणी खोदून पाहिले. घराच्या बाजूला जेमतेम फूटभर खाली कातळ लागला. रस्त्याच्या बाजूला मात्र पहार सहज आत जात राहिली, कारण घर बांधताना पाया खणून निघालेली माती त्या वेळी तिकडेच टाकलेली होती. मिस्त्री म्हणाले, “गुरुजी, अर्धी जागा कातळावर आहे नि अर्धी भरावावर. तुम्ही सलग कोबा केलात, तर तो बरोबर या रेषेवर फुटणार.” त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटण्यासारखे होते. कातळ जागचा हलत नाही, भराव मात्र पावसाळ्यागणिक थोडाथोडा बसत जातो, आणि त्या दोन्हींवर एकच कडक थर घातला तर तो त्यांच्या सीमेवर तडकतो. आत जाळी घालून आणि योग्य अंतरावर सांधे कापून तडा आटोक्यात ठेवता येतो, पण खचलेली बाजू वर उचलता येत नाही. फणसाची मुळेही त्याच बाजूला आहेत आणि ती वाढत राहणार. ब्लॉक सुटे असल्यामुळे खचलेल्या भागातले तेवढेच काढून, खालचा थर भरून, तेच पुन्हा बसवता येतात. हा एक गुण आमच्या जागेत बाकी सगळ्यांवर भारी ठरला.

ब्लॉक म्हणजे पाणी मुरणारच, असा एक समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा मानावा. साधा ब्लॉक स्वतः पाणी जाऊ देत नाही, पाणी जाते ते सांध्यांतून, आणि मुसळधार पावसात त्यातले बहुतेक वरूनच वाहते. त्यामुळे ढाळ आणि चर यांतून ब्लॉकने सुटका होत नाही.

खरेदीच्या वेळी आयएस १५६५८ या भारतीय मानकाचा आधार फार उपयोगी पडला. त्यात हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर जाडी आणि एम ३५ ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत सांगितलेली आहे; पायी चालण्यापुरत्या जागेसाठी ५० मिलिमीटर आणि एम ३०. बाजारात मागितले नाही तर बहुधा पातळ ब्लॉकच दाखवला जातो. आमच्याकडे एक गाडी आणि एक स्कूटर, त्यामुळे ६० मिलिमीटर पुरेसे होते. चिऱ्यांचा ट्रक किंवा उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर आत येणार असता तर मी ८० मिलिमीटरच घेतले असते; त्याऐवजी टँकर फाटकाबाहेर थांबवून नळी आत घ्यायची असे ठरवले. पाणी शोषण्याची मर्यादा त्याच मानकात सरासरी ६ टक्के दिली आहे. तिची ढोबळ तपासणी घरी करता येते. दोन कारखान्यांचे चांगले वाळलेले ब्लॉक वाण्याच्या काट्यावर तोलले, एक दिवस आणि एक रात्र हौदात बुडवून ठेवले आणि वरचे पाणी पुसून पुन्हा तोलले. यंत्रावर दाबलेल्या, सुमारे चार किलोंच्या ब्लॉकने पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी घेतले, तर दुसऱ्याने त्याच्या जवळजवळ दुप्पट. नंतर दोन्ही घणाने फोडून पाहिले. पहिल्याच्या तुटलेल्या अंगावर खडीचे कण तुटलेले दिसत होते. दुसऱ्याच्या वरच्या रंगीत थराखाली भुसभुशीत राखाडी भाग होता आणि खडी आख्खीच्या आख्खी निसटून आली होती. एवढे पाहिल्यावर दराची घासाघीस करण्यात अर्थ उरला नाही. माल उचलण्यापूर्वी तो कधी पाडला आहे आणि २८ दिवसांनंतरच्या ताकदीच्या चाचणीचा अहवाल आहे की नाही, हे दोन्ही विचारून घेतले.

आकार झिगझॅग निवडला आणि रंग करडाच ठेवला. मांडणी एक आडवा, एक उभा अशा हेरिंगबोन पद्धतीची घेतली, कारण गाडी जागच्या जागी स्टिअरिंग वळवते तेव्हा चाक ब्लॉकला बाजूला ढकलते, आणि या मांडणीत सरळ सलग सांधा कुठेच राहत नसल्यामुळे तो रेटा चहूबाजूंना वाटला जातो.

खालच्या कामावर मात्र मी हात आखडता घेतला नाही. भरावाच्या बाजूची सैल माती काढून टाकली, तळ पाणी मारून धुमसला, त्यावर जिओटेक्सटाइलचे, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे, कापड अंथरले आणि मग सुमारे आठ इंच खडी दोन थरांत घालून प्रत्येक थर वेगळा दाबून घेतला. ते कापड तांबड्या मातीसाठी फार गरजेचे वाटले. पावसात ही माती चिखल होऊन खडीच्या फटींतून वर येते आणि खडी हळूहळू तिच्यात बुडत जाते. कातळाच्या बाजूला एवढी खोली नव्हतीच, तिथे उंचसखल भाग भरून घेण्यापुरतीच खडी लागली. ढाळ पन्नासास एक धरला, म्हणजे २२ फुटांत सव्वापाच इंच. तो लेव्हल ट्यूबने तपासून खडीलाच दिला. वरच्या कचीच्या थराची जाडी कमीजास्त करून ढाळ काढण्याची पद्धत सोपी दिसते, पण जिथे कच जाड तिथे ब्लॉक पुढे अधिक बसतो.

कच ३० मिलिमीटर, जाडसर, धुतलेली. दोन लोखंडी पाइप समांतर ठेवून त्यांच्यावरून फळी ओढत ती सपाट केली आणि मग तिच्यावर कोणालाही पाय ठेवू दिला नाही. या टप्प्यावर मिस्त्रींशी थोडा वाद झाला. कचीत कोरडे सिमेंट मिसळून ब्लॉक पक्के करावेत असा त्यांचा आग्रह होता, कारण गिऱ्हाइकांना तसेच आवडते. मी नम्रपणे नकार दिला. सिमेंटने तो थर कडक झाला की मुरणारे पाणी अडते, आणि ब्लॉक काढून पुन्हा बसवण्याची जी सोय पाहून आम्ही ते घेतले, तीच नाहीशी होते. सांध्यांतही सिमेंट न घालता चाळलेली कोरडी बारीक वाळू झाडूने भरली, वरून रबराची गादी लावलेला प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारे यंत्र) फिरवला, सांधे खाली गेले तिथे पुन्हा वाळू भरली.

कडा बांधलेल्या नसतील तर हे सगळे निरर्थक ठरते. गाडीच्या रेट्याने शेवटची ओळ बाहेर सरकते, सांधे उघडतात आणि वाळू वाहून जाते. तीन बाजूंना काँक्रीटमध्ये रोवलेले कर्ब (कडेचे ठोकळे) लावले. घराच्या बाजूला मात्र जांभ्याच्या कठीण, पारखून घेतलेल्या चिऱ्यांची ओळ काँक्रीटमध्ये बसवली आणि तिच्या व भिंतीच्या मध्ये फूटभर रुंदीचा पट्टा जाड खडीने भरून ठेवला. पागोळ्यांची धार बरोबर त्या पट्ट्यावर पडते. तीच धार ब्लॉकवर पडली असती तर तिने सांध्यांतली वाळू एका आठवड्यात उकरून काढली असती. कोकणात कौलारू घराला लागून ब्लॉक घालणाऱ्याने हा पट्टा विसरू नये.

फाटकापासून आत येणारा चढ थोडक्यात सांगतो. तो साधारण आठास एक असल्यामुळे तिथे ब्लॉक घातले नाहीत. चढावर ब्रेकच्या रेट्याने ते खाली सरकत जातात. तेवढ्या भागात जाळी घालून पाच इंच काँक्रीट केले, ओले असतानाच आडव्या खाचा पाडल्या आणि ब्लॉकच्या भागापासून ते सांधा ठेवून वेगळे राखले. उतारावर पाण्याचे आळे टिकत नाही, म्हणून गोणपाट टाकून ते सतत भिजते ठेवले. पीपीसी, म्हणजे राखमिश्रित, सिमेंटसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात किमान दहा दिवस पाणी मारायला सांगितले आहे आणि ते आम्ही कटाक्षाने पाळले.

खालच्या टोकाला जाळीचा चर आहे. त्यातले पाणी आधी गाळाच्या खड्ड्यात थांबते आणि तिथून विहिरीला वळसा घालून माडांच्या आळ्यांकडे जाते. फणसाच्या बुंध्याभोवती तीन फूट माती मोकळी सोडली आहे.

पहिल्या पावसाळ्यात जागा कुठेही तुंबली नाही. श्रावणात आई त्याच काठीने, न थांबता, फाटकापर्यंत जाऊ लागली. भरावाच्या कोपऱ्यात मात्र चाकाखालचा हातभर भाग बोटभर बसला. हे होणार याची कल्पना होतीच. गणपती झाल्यावर मिस्त्रींच्या मदतीने तेवढे ब्लॉक उचकटले, कच भरली, तेच ब्लॉक बसवून वाळू भरली आणि दुपारपर्यंत गाडी जागेवर उभी केली. आता दरवर्षी वैशाखात सांध्यांत वाळू भरायची आणि पावसाळा संपला की कडक ब्रशने शेवाळ काढायचे, एवढी निगा ठेवली आहे. गाळाचा खड्डा मात्र पावसाळ्यात अधूनमधून उपसावाच लागतो, कारण फणसाची पाने त्यात फार जातात. उरलेले काही ब्लॉक गोठ्याच्या मागे रचून ठेवले आहेत; तो साचा कारखान्यात पुढे मिळेलच याची खात्री नसते, म्हणून घेतानाच थोडे जास्त घ्यावेत.